निंबोळी, सीताफळ आणि रामटेके बाई

सुरेखाताईंच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी सोमवारी निघाली आणि त्यांना खिडकीतला उजेड दिसला, असे उपचार करणाऱ्या चंद्रपूरच्या डॉक्टरांनीच सांगितले. बुबुळावरची जखम भरत आली आहे. नजर अजून धुक्यातून पाहिल्यासारखी आहे; ती कितपत स्वच्छ होईल, हे पुढच्या तपासणीत कळेल. शकुंतलाबाई रामटेके यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात ही बातमी आधी सांगणेच योग्य. सध्या बाईंना सत्काराचे विचारले, तरी त्या या डोळ्याबद्दलच बोलतात.

बाईंची माझी पहिली भेट सिंदेवाहीकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीवर झाली. हिवाळ्याची सकाळ होती. पाण्यावरून धुके उठत होते आणि त्यातला मासेमाराचा डोंगा खरा की भास, हे ठरवता येत नव्हते. आधी कडवट वास आला, मग उखळाचा आवाज, आणि सर्वांत शेवटी बाई दिसल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या शिक्षिका. बचत गटाच्या बायकांना निंबोळ्या कुटायला लावून त्या शेजारी उभ्या होत्या.

"तुम्ही पेपरवाले का भाऊ? मग पेन ठेवा खिशात. आंधी नाकाले रुमाल बांधा."

निंबोळ्या भरडायच्या, रात्रभर भिजवायच्या, गाळून तो अर्क धानावर, वांग्यावर फवारायचा. ही रीत बाईंनी चिमूरपासून वडशापर्यंतच्या कितीतरी गावांत नेली. पण त्यांच्या शिकवणीचा दुसरा अर्धा भाग ऐकायला लोक नाखूश असत. झाडापासून झालेले औषध, त्याने माणसाला काय होणार, असा सगळ्यांचा समज. त्या सकाळी देवराव नावाच्या म्हाताऱ्यांनी बाईंना हटकलेच.

"बाई, कडुनिंबाच्या काडीनं मी जन्मभर दात घासून राह्यलो. मेलो का?"

"काडी चावता ना देवरावभाऊ, बियांचं तेल त नाई पेत? लहान लेकराले चमचाभर पाजलं त झटके येते."

"आन् तुमचा पंप बोडीत धुतला त?"

"त मासे मरते. मग कालवण कायचं कराल, माह्या भाषणाचं?"

सगळ्या बायका हसल्या. देवरावही हसले, आणि फवारणीचा पंप बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाण्याऐवजी बांधावर धुऊ लागले.

तंबाखूचा काढा बाईंनी कधीच कुणाला शिकवला नाही. तो कातडीतून अंगात उतरतो, घेरी आणतो, असे त्या सांगत. सीताफळाच्या बिया मात्र त्या शिकवीत, कारण पिकावरची मावा ही कीड त्यांनी हटते; पण फार धाकात. त्या बियांची पूड डोळ्याला जाळते. उवांसाठी ती डोक्याला लावायची नाही, आणि चष्म्याशिवाय कुटायची नाही. त्यासाठी प्रत्येक गटाला बाईंनी डोळे झाकणारा एक जाड चष्मा दिला होता.

सुरेखाताईंच्या गटाचाही होता. सुरेखाताई ढिवराच्या घरच्या. मासेमारीची जाळी विणून आणि दुरुस्त करून घर चालवतात. परसातल्या वांग्यांवर मावा पडला म्हणून यंदा त्या बिया कुटायला बसल्या, तेव्हा चष्मा घरात नव्हता. धाकटे दीर तो घालून मोटारसायकलने वडशाला नाटक पाहायला गेले होते. वारा आला, पूड उडाली. त्यांनी पदराने डोळा पुसला, आणि पदरावरही पूडच होती. शेजारणीने बाईंनी शिकवल्याप्रमाणे वाहत्या पाण्याने डोळा धुतला, म्हणून पुढचे उपचार लागू पडले, असे डॉक्टर म्हणाले.

बाई भद्रावतीहून रोज एसटीने दवाखान्यात येत. पहिल्याच दिवशी सुरेखाताईंच्या सासूबाई त्यांच्यावर तुटून पडल्या.

"बाई, झाडाच्या औषधानं डोळा जाते, त दुकानातलं काय वाईट होतं?"

"आजी, डोळा उघडू द्या. मंग मनसोक्त भांडू."

"आन् नाई उघडला त? जाळं कोण विणन, तुमी?"

दुसऱ्या दिवशी बाई सुरेखाताईंच्या घरचे अर्धवट जाळे घेऊन आल्या. दुसऱ्या डोळ्यासोबत दुखराही हलू नये म्हणून तेव्हा दोन्ही डोळे बांधलेले होते. सुरेखाताई नुसत्या बोटांनी गाठी मारू लागल्या आणि बाई दोरा सोडत राहिल्या. संध्याकाळच्या फिकट उजेडात ते पांढरे जाळे खाटेवरून ओघळत जमिनीपर्यंत आले. बघता बघता वॉर्डच पाण्याखाली गेल्यासारखा शांत झाला.

"बाई, एक गाठ सैल आहे का जी?"

"मले काय समजते? तूच पाह्य, डोळा उघडल्यावर."

सासूबाईंनी जाळ्याचे दुसरे टोक हातात घेतले. भांडण तिथेच थांबले. मिटले, असे मात्र मी म्हणणार नाही. दिरांना तर बाईंनी गटाच्या सभेत सर्वांसमोर विचारले, "नाटक कसं होतं?" त्यांना नाटकाचे नावही सांगता आले नाही.

येत्या आठवड्यात डॉक्टर पुन्हा तपासतील. थेंब आणखी काही दिवस घालावे लागतील, आणि नजर पुरेशी स्थिरावली तर सुरेखाताईंना विणायची परवानगी मिळेल, अशी अपेक्षा आहे. त्या दिवशी गटाच्या बायका पुन्हा बिया कुटायच्या की निंबोळीवरच भागवायचे, हे ठरवायला जमणार आहेत, आणि निर्णय सुरेखाताईंनी करावा, असा बाईंचा आग्रह आहे. त्या बैठकीत आणि पुढच्या पुष्कळ हिवाळ्यांत बाई निरोगी देहाने, निवांत मनाने आपल्यात असाव्यात. सुरेखाताईंनी स्वच्छ नजरेने ती सैल गाठ शोधावी, आणि ती सोडवताना दोरा धरायला बाईंचाच हात असावा.