मेसचं वरण आणि माझी शिसारी

"तुमचं हृदय ठणठणीत आहे. हा पॅनिक अटॅक," नांदेडचे मानसोपचाराचे डॉक्टर म्हणाले. पॅनिक अटॅक म्हणजे धोका नसताना शरीराने बोंब मारणं. मला त्यांचाच राग आला. लातूरला बाहेरगावाहून क्लासला आलेल्या पोरींसाठी मेस चालवणारी बाई मी. मला काय वेड लागलं होतं?

झालं असं की, एका दुपारी एक पोरगी ताटातच ओकली. तिला सकाळपासून ताप होता, हे नंतर कळलं. मला मात्र तिथंच वाटलं, वरण नासलंय, आता सगळ्या पोरी मरणार. छाती धडधडली, हात बधिर झाले, श्वास पुरेना. नवऱ्याने दवाखान्यात नेलं. ईसीजी, इको, रक्त, सगळं नॉर्मल.

तेव्हापासून स्वयंपाकघराचीच किळस बसली. वरणाला उकळी आली की मळमळायचं. पातेलं हुंगायची, परत हुंगायची आणि चांगलं वरण मोरीत ओतायची. ओला फडका, ताटाला चिकटलेली शितं, सगळंच घाण वाटायचं. सगळ्यात जास्त शिसारी स्वतःची.

"लई नाटकं करायलीस," नवरा म्हणायचा.

शेवटी नांदेडची बहीण येऊन घेऊन गेली. "लातुरात मनाच्या डॉक्टरकडं जाताना कुणी बघंल म्हणून घरात कुजत बसणार हायस का?"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, "मळमळलं म्हणजे अन्न नासलं, हे कशावरून?" जे वाटतं तेच खरं धरणं, याला ते इमोशनल रीझनिंग म्हणाले. थेट सगळ्यात वाईट तेच होणार म्हणणं, हे कॅटास्ट्रोफायझिंग. दुसऱ्याच्या मनातलं आपणच ठरवणं, ते माइंड रीडिंग. तिन्ही खोडी माझ्यात. स्वतःच्या डोक्याचा असा वीट कधी आला नव्हता.

घरी येऊन रोज तेच वरण पोरींसोबत जेवायचं, हा उपचार. पहिला घास गिळताना डोळ्यांत पाणी आलं. ओकले मात्र नाही.

तुम्हालाही असं होत असेल तर आधी हृदय तपासून घ्या. रिपोर्ट चांगले येऊनही जीव घाबरत असेल, तर मनाच्या डॉक्टरकडे जायला लाजू नका.

परवा चाकूरची एक पोरगी अर्ध्या ताटावरून उठली. हिला वरणात काहीतरी दिसलं, माझं डोकं लगेच म्हणालं. छाती धडधडली. तरी विचारलं, "का गं उठलीस?"

"टेस्ट हाय काकू, उशीर झालाय. ताट झाकून ठेवा, आल्यावर खाते."

उष्ट्या ताटाची किळस आलीच. येऊ दिली, आणि ताट झाकलं.