सुमनताईचा फलाट

भाचीचा फोन आला तेव्हा मी लालबागला मसाला कुटून घ्यायला उभा होतो. "मामा, आई गेली..." डंकीच्या आवाजात ऐकूच आलं नाही. बिचारीला ते पुन्हा सांगावं लागलं.

सुमनताई माझी थोरली बहीण. तिने गिरगावच्या पीटरशी लग्न केलं, तेव्हा बाबांनी अख्ख्या चाळीसमोर "माझी पोर मेली" म्हणून सांगितलं आणि डोक्यावरून आंघोळ केली. पीटरची नोकरी नागपूरला. दोघं निघाली ती बंदराजवळच्या जुन्या दगडी स्टेशनातून. पोचवायला आई आणि मी. गाडी हलली आणि मला बाबा दिसले... खांबाआड, गिरणीतून तसेच आलेले, केसांत कापूस, तोंडावर टोपी दाबून धरलेली. घरी आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "तिला सांगशील तर बघ." वर्षाच्या आत ते गेले. नागपूरहून ताई पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पुढे त्या स्टेशनातल्या गाड्या बंद झाल्या, इमारत ओस पडली आणि आता तिथे प्रदर्शन केंद्र झालंय. गेल्या वर्षी हातमागाच्या साड्या लागल्या होत्या, पीटरची नोकरी संपल्यावर मुंबईला परतलेल्या ताईने तिथे जायचा हट्टच धरला. रुळांच्या जागी गुळगुळीत फरशी, फलाटावर स्टॉल, वर एसी. ती साड्यांकडे बघेचना. हळूहळू चालत एका खांबापाशी थांबली. मला राहवेना. "ताई, त्या दिवशी इथे..."

"माका ठावक होतां." माहेरची बोली तिच्या तोंडून कित्येक वर्षांनी ऐकली. "बघितलं होतं रे मी त्यांना. गाडी सुटायच्या आधीच. पण मलाही राग होता ना. म्हटलं, एवढे आलेत तर पुढे येऊ देत. चार पावलं तर होती..." तिने खांबाला हात टेकला. स्टॉलवरच्या मुलीने खुर्ची दिली, "आजी, बसा." ताई तोंडाला पदर लावून बराच वेळ बसून राहिली.

ताईकडून निघालेल्या माणसाला तिने दारातून कधी निरोप दिला नाही. गुडघे धरलेले असले तरी जिना उतरून खाली गल्लीत यायची, मधोमध उभी राहायची. ताई गेल्याच्या महिन्याला, चर्चमधल्या मिस्सा-प्रार्थनेनंतर मी तिच्या घरून निघालो. गल्लीच्या तोंडाशी सवयीने वळलो, हात वर केला... गल्ली रिकामी. भाची वर खिडकीत होती. तिने मला पाहिलं आणि तशीच अनवाणी धावत खाली आली.