जिन्याच्या कोपऱ्यातली पिचकारी

जुनवानीत आमच्या समोर राहणाऱ्या काकाईची नक्कल मी एकदम मस्त करतो. ते प्लांटमधून रिटायर झाले, अन् आता कम्प्युटरवर शहर बसवायच्या गेमसाठी आपलं पाडलेलं जुनं ऑफिस बनवून राहिले. भिंत उभी केली की मले म्हणते, "हात नको लावू बे, प्लास्टर ओलं हाय!"

काल पाहिलं तर ते त्या ऑफिसच्या जिन्याच्या कोपऱ्यात पानाची लाल पिचकारी रंगवून राहिले होते.

"काका, एवढं चकाचक ऑफिस, अन् हे कावून?"

"माझ्या दोस्ताची हाय ते. रोज तिथंच थुंकत होता, अन् मी रोज शिव्या देत होतो. गेला तो. बिल्डिंगही गेली."

मग ते म्हणाले, "तू सगळ्याईचे आवाज काढतो. त्याचा काढ ना."

"मी त्याईले कधी ऐकलंच नाई, काका."

"अरे, सोपा हाय. मी काढून दाखवतो, तू पकड. तो असा बोले..."

काकाईनं तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं, आवाज काही आला नाई.

"याद नाई येऊन राहिला बे," ते म्हणाले, अन् माऊस घेऊन पिचकारी जराशी आणखी लाल केली.