निंदणाऱ्या बाया मिळत नाहीत

निंदण, म्हणजे पिकातलं तण काढणं, हे मी आवडीने केलेलं काम नाही, हे आधीच सांगून टाकते. चिखलात उकिडवं बसायचं, कापसाच्या पराटीच्या दोन तासांमधून, दोन ओळींमधून, विळा चालवत पुढे सरकायचं, वरून पाऊस नाहीतर पावसापेक्षा वाईट ऊन. दुपारपर्यंत कंबर आपली राहत नाही. संध्याकाळी उठून उभं राहायचं तर शेजारणीचा हात धरावा लागतो. त्यामुळे बाईचं आणि मातीचं नातं वगैरे कुणी लिहिलं की माझं डोकं सणकतं. नातं असेल तर ते आमच्या गुडघ्यांना विचारा.

पण काम आमचं होतं. बियाणं उगवून वर आल्यापासून पोळ्यापर्यंत आमच्या बारा घरांची चूल त्याच कामावर पेटायची. मारेगाव तालुक्यातलं आमचं गाव, गावाच्या पूर्वेला आमचा बौद्धवाडा. वाड्यातल्या बहुतेकांच्या नावावर सातबारा नाही. माझा नवरा यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या कारखान्यात होता, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. माझी दहावी झालेली आणि तोंड जरा जास्त चालतं, म्हणून टोळी जमवायचं आणि शेतमालकाशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही बाराजणी. पावसाळ्यात निंदायचं, दिवाळीच्या आसपास कापूस वेचायचा. विळा धरणारे हात आणि बोंडं काढणारे हात तेच, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. नंतर मात्र सगळे ते विसरले.

ती बोंडअळीची वर्षं. जे बीटी बियाणं अळी लागणार नाही असं सांगून विकलं होतं, त्याच्याच बोंडात गुलाबी अळी आरामात बसलेली सापडायची. शेतकरी वैतागलेले होते, आणि त्यांचं वैतागणं खोटं नव्हतं. त्यातच पैनगंगेपलीकडून एक पाकीट आलं. त्यावर कंपनीचं नाव नाही, दुकानाची पावती नाही, आणि सरकारची परवानगी तर नाहीच. लोक त्याला ‘तणाची बीटी’ म्हणायचे. हे बियाणं लावायचं, वर तणनाशक मारायचं, तण जळतं आणि पराटी तशीच उभी राहते. बंदी होती म्हणे. आमच्या गावात ती बंदी मी कधी पाहिली नाही, पाकिटं मात्र पाहिली.

ज्या मालकाकडे आम्ही पंधरा वर्षं जात होतो, त्याचं आठ एकर वावर. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण असलं तर मोटारसायकल काढून दवाखान्यात न्यायचा. त्या वर्षी त्याने ते पाकीट आणलं आणि नेहमीसारखं आम्हाला सरकी डोबायला, एकेक बी मातीत टोचायला, बोलावलं. मालकिणीने नेहमीसारखी तुरीची पुरचुंडी माझ्या हातात दिली. आमच्याकडे कापसाची आठ तासं झाली की एक तास तुरीचं. हे कुणी कुणाला सांगत नाही. आठ झाली की हात आपोआप पुरचुंडीकडे जातो. आमचा गेला. मालक धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा राहून पाहत होता, त्यालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग आम्ही निंदणाच्या निरोपाची वाट पाहिली. तण गुडघ्याला लागायला आलं तरी निरोप नाही. शेवटी मी त्याच्या घरी गेले.

“यंदा निंदन नाई, बाई,” तो म्हणाला. “औषध मारून राह्यलो. तुमचीबी कंबर वाचली.”

“कंबर वाचली, भाऊ. पोटाचं काय?”

तो हसला. मला वाटतं त्याला ते खरंच विनोदाने म्हटल्यासारखं वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी तोंडाला दुपट्टा बांधून त्याने सगळं आठ एकर फवारून काढलं.

आठवड्याने मी जळण आणायला त्या बाजूने गेले, तर मालकीण एकटीच वावरात उभी. तण वाळून तांबूस झालेलं. त्यात पराटी हिरवीगार, खोटं कशाला बोलू, देखणी दिसत होती. आणि दर आठ तासांनंतर एक पिवळी पट्टी. तूर शेंड्यापासून माना टाकत होती.

“तूर काहून अशी झाली वं?” तिने मला विचारलं.

मला तिथेच कळलं आणि मला हसूही आलं, रडूही आलं. “माय वं, त्या औषधाले पराटी कळते, फक्त तीच पराटी. तूर त्याच्यासाठी तनच हाय.”

त्या तुरीतून तिच्या घरची वर्षाची डाळ निघायची. विकायला नाही, खायला, आणि माहेरी जाताना न्यायला. बाकी वावरातलं सगळं बाजारात जायचं. तेवढीच तासं तिची होती.

“त्याले इचारलं,” ती म्हणाली, “तं म्हंते ध्यानातच नाई रायलं. काय नाई रायलं ते आता कळलं.”

त्याच्या ध्यानात राहिलं नाही, आमच्या राहिलं नाही, पुरचुंडी देणाऱ्या तिच्याही राहिलं नाही. चौदा माणसं, आणि एवढ्या पिढ्यांची सवय. पाकिटावर काही लिहिलेलंच नव्हतं, तर कोण कुणाला सांगणार? चोरीचा माल घेतला की विचारायला दुकान नसतं. पण मला जास्त राग कशाचा आला सांगू? आम्ही निंदायला असतो तर एकही तूर मेली नसती. बाईच्या हाताला तूर आणि तण वेगळं कळतं.

त्याच सुमारास गावात सभा झाली. ग्रामपंचायतीसमोर मांडव, दोन पाहुणे. एक या बियाण्याच्या बाजूचा, एक विरोधातला. आम्ही बाराजणी मागे सतरंजीवर बसलो, काम नव्हतंच. पहिला म्हणाला, शेतकऱ्याला नवं तंत्र वापरायचं स्वातंत्र्य हवं, सरकार कोण अडवणारं? टाळ्या पडल्या. मलाही ते पटलं. मग तो म्हणाला, “आज निंदणाऱ्या बाया मिळत नाहीत, शेतकऱ्याने करायचं काय?” पुन्हा टाळ्या. आमचा मालक सगळ्यात पुढे बसून वाजवत होता.

दुसरा उठला. तो मातीबद्दल बोलला, पाण्याबद्दल, कीटकांबद्दल, आजारांबद्दल. बरंचसं खरं असावं. मग त्याचा आवाज ओला झाला आणि तो म्हणाला की आपल्या मायमाउल्यांनी हजारो वर्षं हसत गात निंदण केलं आणि ही धरती सांभाळली.

मला राहवलं नाही. मी उभी राहिले. पदर खोचला, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

“मी इचारू काय?” म्हटलं. “हे साहेब म्हंतात बाया भेटत नाईत. आमी बाराजनी तुमच्या नाकासमोर बसून राह्यलो. तीन हप्त्यांपासून एकानं निरोप नाई धाडला. भेटत नाईत का तुमाले नको हाय, ते नीट सांगा. आन् हे दुसरे साहेब म्हंतात आमी हासत गात निंदतो. उद्या या, एक तास निंदून दाखवा. गानं मी म्हंतो तुमच्यासाठी.”

मांडवात हशा पिकला. विरोधातला माणूस लाजला, पण त्याने कबूल केल्यासारखी मान हलवली, ते मला आवडलं. पहिला म्हणाला, “ताई, प्रश्न शेतकऱ्याचा आहे.”

“मंग आमी कोन?” मी विचारलं.

सभेत ‘शेतकरी’ हा शब्द इतक्या वेळा येऊन गेला, पण त्यात आम्ही एकदाही नव्हतो. बियाण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत नव्हतो, विरोधात बोलणाऱ्यांतही नव्हतो. मी परत सतरंजीवर बसले आणि मागे वळून टोळीला म्हटलं, “ज्याले निंदाले आपन नको, त्याच्या वेचनीले आपन नाई.”

बोलायला सोपं होतं. घरी आल्यावर आमच्यातली सगळ्यात वयस्क बाई मला म्हणाली, “पोरी, वेचनीबी गेली तं आपन कोनाचं पोट मारून राह्यलो? आपलंच ना?” तिचं काहीच चुकत नव्हतं. निंदण तर गेलंच होतं. आता उरलेलं एक कामही मी अकरा घरांच्या हातातून काढून घेत होते. मी घाबरले होते. पण या वर्षी गप्प बसलो तर निंदण कायमचं गेलं, हेही दिसत होतं. दोन दिवस वाद झाला. शेवटी तीच वयस्क बाई म्हणाली, “आता बोललो तं बोललो.” त्यावर सगळ्या तयार झाल्या.

दसरा गेला. पराटी फुटली. वावरं पांढरी झाली आणि मालक आमच्या दारात आला.

“बाई, सोमवारपासून वेचनी हाय. बाया जमव.”

“भाऊ, ज्या औषधाले निंदाले बलावलं, त्यालेच वेचाले बलाव.”

त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “मुकुटबनकडून टोळी आनतो,” म्हणाला. “तुमी बसा घरी.” आणि खरंच सोमवारी सकाळी ऑटो भरून बाया आल्या. आम्ही बाराजणी त्याच्या धुऱ्यावर जाऊन बसलो होतो. शिव्या द्यायला नाही, फक्त दिसायला. सभेत बाया दिसल्या नव्हत्या ना, इथे तरी दिसाव्यात.

पण आमच्याकडे वेचणी अशी सुरू होत नाही. पहिल्या दिवशी घरची बाई वावरात येते, दहीभात शिंपडते, पूजा करते आणि पहिली बोंडं तिच्या हाताने वेचते. त्याला सीतादही म्हणतात. तिने ओटीत पहिला कापूस घेतल्याशिवाय वेचणारी बाई तासात पाय टाकत नाही. आम्ही देवदेव सोडलेली माणसं. पूजा चालायची तेव्हा आम्ही बाजूला उभ्या राहायचो, पण तिच्या आधी बोंडाला हात आम्हीही कधी लावला नव्हता. तो मान तिचा होता.

मालकीण आली. हातात दह्याचं गाडगं, भाताचा डबा, हळदकुंकू. नवरा पुढे, ती मागे. ती चालत चालत धुऱ्यापर्यंत आली आणि आमच्या शेजारी बसली. डबा मांडीवर ठेवला, झाकण तसंच.

“कायले बसली?” नवरा म्हणाला. “पूजा कर. बाया थांबल्या.”

“ह्या थांबल्या तं त्याही थांबल्या,” ती आमच्याकडे हात करून म्हणाली. “ह्यायचं आधी बोल.”

तो मुकुटबनच्या बायांकडे वळला आणि म्हणाला, “तुमी चाला, शिरा वावरात.” त्यांच्यातली एक पुढे आली, वावराकडे पाहिलं, मालकिणीकडे पाहिलं. “घरधनीन बसली असताना आमी कशा शिरू, बापू?” म्हणाली आणि तीही खाली बसली. तिने मला हळूच विचारलं, काय झालं. मी सांगितलं. “आमच्याकडंबी तसंच,” ती म्हणाली. “यंदा एक दिस निंदन नाई भेटलं.” मग त्या सगळ्याच बसल्या. मालक एकटा उभा. त्याच्यामागे आठ एकर कापूस. आकाशात ढग होते. एक सर आली असती तर सगळा भिजला असता आणि आम्हीही सगळ्या वाया गेलो असतो. पण मी उठले नाही.

“काय पायजे तुमाले?” शेवटी तो म्हणाला.

मी म्हटलं, “दोन निंदनं. दरसाली. औषध मारायचं तं मारा, पन आमी वावरात असताना नाई. आन् हे इथं नाई, चावडीवर सांगाचं, चार लोकाईसमोर.”

चावडीवर सांगायचं त्याला फार जड गेलं, ते दिसत होतं. मग म्हणाला, “सांगतो.” त्याने शब्द पाळला, हे मी त्याच्याबद्दल कुठेही सांगेन. गावातल्या बाकी बऱ्याच जणांनी कधीच ऐकलं नाही, आणि ते पाकीट आजही मिळतं. त्या बियाण्याला मी शत्रू मानत नाही. उद्या माझ्या मुलीला निंदावं लागलं नाही तर मी पेढे वाटीन. पण तिची कंबर वाचवताना तिची भाकर कुठून येणार, ते तिला विचारून ठरवा, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

त्या दिवशी धुऱ्यावरून मी उठायला लागले, तर मालकिणीने माझा हात धरून मला खाली बसवलं.

“बायांचं झालं,” ती नवऱ्याला म्हणाली. “आता माहं आयक. पुढच्या साली वावरात बियानं कोन्तं येइन, ते मी ठरवीन.”

तो काही बोलायला गेला. चोवीस-पंचवीस बाया त्याच्याकडे पाहत होत्या. त्याने मान डोलावली. तेव्हा तिने डब्याचं झाकण काढलं.