रिकामी थैली परत पाठवजो

आमच्या भाच्याइतकी साऱ्या जगाच्या पोटापाण्याची काळजी वाहणारा माणूस सालेकसा तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि देव करो, होऊही नये. कारण अशा माणसाला साधा चहा पाजायचा म्हटला तरी पाजणाऱ्याची उलटतपासणी होते. साखर कुठली? दुकानदाराकडे कधी आली? वाटेत किती दिवस पडून होती? एकदा माझ्या घरी समोसा हातात धरून त्याने बटाट्याचा प्रवास सांगायला घेतला. बटाटा आग्र्याहून निघून गोंदियाच्या बाजारात उतरेपर्यंत समोसा पार गारठला, आणि आमच्या हिने तो त्याच्या हातातून काढून गाईला घातला. तर गाईने तो कोणत्या क्रमाने खाल्ला हे बघत हा गोठ्याशी उभा.

ही खोड जन्मजात नव्हे. नागपूरला विद्यापीठात शिकायला गेला, तिथे जडली. विषयाचं नाव सप्लाय चेन मॅनेजमेंट. गावाला वाटलं, पोरगा सायकली दुरुस्त करायला शिकतो आहे. मी निदान टपालखात्यात तेहतीस वर्षं काढलेली, म्हणून मला त्याने आदराने समजावलं, की माल जिथे पिकतो तिथून जिथे लागतो तिथे, लागतो तेव्हा आणि लागतो तेवढाच पोचवायचा, हेच ते शास्त्र. "मामाजी, तुमी जे जिंदगीभर करत होते ना, त्याचीच डिग्री आहे." म्हणजे मी तेहतीस वर्षं सायकलवर पार्सलं वाहिली ती अडाणीपणाने, आणि हा गादीवर बसून दोन वर्षांत पदवीधर होणार! बरं, त्या पुस्तकांत सगळी जहाजं, बंदरं आणि कालवे. आमच्या बाजूला पाणी म्हणजे इटियाडोहाचं, त्या धरणात जहाज कुठून यायचं?

माझी बहीण मात्र शास्त्रात शिरली नाही. भाटवे, म्हणजे तिचा नवरा, गेल्यापासून तिने धानाची शेती आणि दोन लेकरं एकटीने ओढली होती. तिने पोराला एकच प्रश्न विचारला, नोकरी कुठं लागेल? तो म्हणाला, "अठीच लागते, माय. गोंदियात एवढ्या राईस मिला आहेत, सगळ्याइले माणूस पाहिजे." या 'अठीच'वर बाईने त्याला नागपूरला सोडला. मुलगी आज ना उद्या सासरी जाणार, मुलगा तरी रोज जेवायला घरी येईल, एवढाच तिचा हिशेब होता.

सुटीत घरी आला की त्या शास्त्राचे प्रयोग आमच्यावर व्हायचे. आधी आलेलं आधी काढायचं, हा त्यातला मोठा मंत्र. त्याच्या बहिणीला पाहायला पाहुणे आले त्या दिवशी चहा देण्याचं काम या दिवट्याकडे. शेजारचा एक गृहस्थ शिडी मागायला सकाळपासून येऊन बसला होता. तेव्हा पहिला कप शिडीवाल्याला, दुसरा त्याच्यामागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला, आणि मुलाचे वडील तिसऱ्या नंबरावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण व्याही भला माणूस, त्याने नंबर येईपर्यंत वाट पाहिली आणि मुलगी पसंत केली.

लग्न ठरलं आणि भाच्याच्या अंगात संचारलं. आमच्याकडे लग्न एका घराचं नसतं. एका घरून तांदूळ येतात, दुसऱ्याकडून जळतन, कोणी पळसाच्या पत्रावळी लावून देतं, कोणाच्या वाडीतली वांगी. कोणी काय आणायचं हे कुठे लिहिलेलं नसतं, पण प्रत्येकाला ठाऊक असतं, कारण मागच्या लग्नात त्याच्या घरी तेच गेलेलं असतं. भाच्याने हे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. नियोजन नाही, वेळापत्रक नाही, एकच वस्तू चार घरून! त्याने माझ्या बहिणीला फर्मावलं, सगळ्यांना नाही म्हणून सांग, सगळा माल गोंदियाहून एका पिकअपमध्ये येईल. आदल्या दिवशी नव्हे, लग्नाच्याच दिवशी, सकाळी बरोबर आठला. माल आधी आणून घरात पडू देणं हे म्हणे त्या शास्त्रात पाप आहे.

मोबाईलच्या नकाशावर रस्ता मोकळा होता. पण मधलं रेल्वेचं फाटक त्याने धरलंच नव्हतं, आणि या फाटकावर एक मालगाडी गेली की दुसरी येते, हे आमच्या बकऱ्यांनाही माहीत आहे. ज्याने साता समुद्रांवरच्या जहाजांचा अभ्यास केला त्याला गावाशेजारच्या फाटकाने धरलं. नऊ वाजले, दहा वाजले. वऱ्हाड आलं. हा फोन कानाला लावून मांडवाबाहेर येरझारा घालतो आहे, तोंड चुन्यासारखं पांढरं. मी मनात म्हटलं, गेली आपली अब्रू.

आणि मांडवामागून वांग्याच्या भाजीचा वास आला. भात वैरला होता, पत्रावळींचा ढीग पडला होता, गावातल्या बाया कामाला लागल्या होत्या. भाचा धावत आईकडे गेला. ती भाजी ढवळत म्हणाली, "मी कोनालेच नाई म्हनलं नवतं. कोनत्या तोंडानं म्हनू? उद्या त्याइच्या घरी लगन नाई का?" पंगती उठून लोक हात धूत असताना पिकअप आला. पुढचे चार दिवस अख्ख्या गावाने वांगी खाल्ली, आणि भाच्याचं नाव घेऊन खाल्ली.

पुढे पदवी हातात आली आणि तो गोंदियात राईस मिली पालथ्या घालू लागला. एका शेठने त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "बेटा, हमारे यहाँ ये काम मुनीमजी करते हैं. और मुनीमजी की तबीयत अच्छी है." बाकीच्या मिलींतही मुनीमजींच्या तब्येती ठणठणीत. शेवटी भिवंडीच्या एका गोदामवाल्या कंपनीची मुलाखत आली. तुमची सगळ्यात मोठी चूक सांगा म्हणाले. याने बहिणीचं लग्न सांगितलं, फाटकासकट, वांग्यांसकट. ते पोट धरून हसले आणि लगेच घेतलं. आम्ही उभ्या जन्मात चुका केल्या, पण एकीवरही नोकरी लागली नाही! माझ्या बहिणीने गावात पेढे वाटले. 'अठीच'चा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

आता तो भिवंडीत पडद्यासमोर बसतो आणि हजारो खोकी कुठे पोचली ते सांगतो. माझ्या बहिणीची साखळी वेगळी. माझ्या जुन्या खाकी डगल्याची तिने थैली शिवली आहे. तिच्यात घरचे तांदूळ आणि लाखोळीची डाळ भरून ती गोंदियाला निघालेल्या शाळेच्या मास्तरांकडे देते, मास्तर कल्याणला जाणाऱ्या कोणाला तरी, तो आणखी कोणाला. पावती नाही, नंबर नाही. भाचा तिकडून कासावीस होऊन फोन करतो, आता थैली कुठवर आली? ती म्हणते, "येते ना बापा, मानसाच्या हातात हाय ते. पन रिकामी थैली परत पाठवजो." आणि तोही आईचा मुलगा, शेजारचं भांडं रिकामं परत करू नये हे घरी शिकलेला. थैली उलटी येते ती कधी गुडघ्याचं तेल घेऊन, कधी चष्म्याची दोरी.

या खेपेला थैली आलीच नाही. तीन आठवडे झाले. बहीण मास्तरांना विचारी, मास्तर पुढच्याला. शेवटी मलाच ऐकवलं, तुझ्या डगल्याचं कापडच अपशकुनी. आणि एका सकाळी भाचा गाडीतून उतरून दारात उभा, खांद्यावर तीच थैली. म्हणाला, "माय, रिकामीच आणली. रागावू नको." तिने ती दोनदा झटकली, घडी केली आणि खुंटीला अडकवली.

चार दिवसांची सुटी. चौथ्या दिवशी तिने थैली काढली आणि तांदूळ भरायला बसली, एकेक मूठ, खडा निवडत. मी म्हटलं, आटप बाई, गाडी जाईल. ती मान वर न करता म्हणाली, "जाऊ दे ना एक गाडी."

भाच्याने घड्याळाकडे पाहिलं. मग बूट काढून तिच्याशेजारी बसला आणि तोही खडे निवडू लागला. गाडी गेल्याचा आवाज आम्ही तिघांनी ऐकला. मी चहा ठेवला. त्याने तो प्याला, आणि साखर कुठून आली ते विचारलं नाही.