खिळ्यावरची माळ

वरव्यात माझी पिठाची गिरणी आहे. तब्येतीवर नवा कुठला उपाय निघालाय, ते डॉक्टरांच्या आधी मला कळतं, कारण लोक तो दळायला घेऊन येतात. मध्यंतरी जांभळाच्या बिया आल्या. त्याआधी शेवग्याचा वाळवलेला पाला. एकीने कारल्याच्या चकत्या वाळवून गव्हात मिसळून आणल्या. ते दळण झाल्यावर पुढच्या बाईची भाकरी कडू झाली आणि दोघींची बोलणी मला खावी लागली. उपाय मोबाईलवर आलेला असतो, खाली कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाचं नाव असतं.

मी कुणाला अडवत नाही. दळण दळणं हा माझा धंदा आहे. फक्त एक गोष्ट विचारायची मला खोड आहे. कुणी म्हणालं, ह्या पिठाने माझी साखर उतरली, की मी विचारते, "पीठ सोडून आणखी काय बदललंस?" मग हळूहळू बाहेर येतं. चहातली साखर बंद झालेली असते, डॉक्टरांनी गोळी वाढवलेली असते, बाई सकाळी चालायला लागलेली असते.

"मग सगळा मान पिठाला कशाला देतेस?"

"तुमाला कायबी पटत न्हाई, ताई," असं म्हणून बाई डबा उचलते आणि पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी दळायला आणते. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं, म्हणून मीही हसण्यावारी नेत होते.

गेल्या भात कापणीच्या दिवसांत मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. माझं माहेर पासलीला. तिथे आई, धाकटा भाऊ आणि त्याची बायको असतात. भावजयीला सातवा महिना होता, पहिलंच बाळंतपण. सकाळी गिरणीचा पट्टा चढवत होते तेव्हा भावाचा फोन आला.

"अक्का, घरची पिवळी पडलीय. कावीळ हाय. पण तू काळजी करू नको, माळ घालून चार दिस झालं."

काविळीची माळ आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कसल्याशा वेलीच्या हिरव्या देठांचे बोटभर तुकडे करायचे आणि दोऱ्याच्या गाठींत एकेक तुकडा आवळून माळ करायची. वेल कुठली, ते करणारा सांगत नाही, सांगितलं तर गुण जातो म्हणतात. ती माळ आजाऱ्याच्या गळ्यात घालतात. पहिल्या दिवशी ती गळ्याशी घट्ट असते, मग दिवसेंदिवस लांब होत खाली उतरते. जशी माळ उतरते तशी कावीळ उतरते, असा हिशेब. माळ बेंबीपर्यंत येईतो तेल नाही, हळद नाही, डाळ नाही. फुटाणे आणि उसाचा रस. आणि सगळ्यात कडक पथ्य म्हणजे सुई टोचून घ्यायची नाही. सुई लागली की माळेचा गुण गेला.

म्हणजे दवाखानाच बंद.

नसरापूरच्या एक डॉक्टरीणबाई माझ्याकडून नाचणीचं पीठ नेतात. त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. पण पोटुशी बाईची कधीकधी एकदम बिघडते, आणि बिघडली की आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येतं. तिला आजच दाखवा. उद्या नको." मी मोटर बंद केली, आलेली दळणं शेजारणीच्या ओट्यावर ठेवली आणि एसटी पकडली. वेल्ह्यापासून पुढे जीप मिळाली.

घरी पोचले तेव्हा भावजय पडवीत भिंतीला टेकून बसली होती. डोळे पिवळे, ओठ कोरडे. पोट पुढे आलेलं आणि हात मात्र काडीसारखे. समोर वाटीत फुटाणे तसेच पडलेले. आई सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. मला बघून तिला बरं वाटलं.

"आली व्हय तू? बग, माळ छातीपातूर उतरली. लई गुण हाय माळ देनाऱ्या म्हाताऱ्याच्या हाताला."

"हिने सकाळपासून काय खाल्लं?"

"वकारी येतीय तिला. वकारीतनंच कावीळ भाईर पडती."

"लघवी कशी होतीय गं?" मी भावजयीला विचारलं.

"कोऱ्या चहावानी," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात भाऊ आतून पेला घेऊन आला. पेल्यात हिरवागार रस. एरंडाचा पाला वाटून काढलेला.

"हे काय?"

"आत्ताच ग्रुपवर आलंय, अक्का. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. तीन दिवसांत कावीळ साफ." भाऊ शिकलेला आहे, हायवेलगतच्या एका कारखान्यात मशीनवर असतो. मशीन बंद पडलं तर तो ग्रुपवर उपाय विचारत बसत नाही, एकेक भाग सोडवून बघतो.

"किती जणांना पाजला म्हणे रस?"

"ते न्हाई लिवलं."

"ज्यांना पाजला नाही, त्यांची कावीळ किती दिवसांत गेली?"

"ते कशाला लिवतील?"

"ते न लिहिता सिद्ध काय केलं मग? पोटुशीला चालतो का, ते तरी लिहिलंय?"

त्याने मोबाईल काढून पुन्हा वाचलं. मग पेला घेऊन परसात गेला आणि केळीच्या बुडात ओतून आला. एक अडथळा गेला. दुसरा आईचा होता आणि तो इतक्या सोप्यात जाणारा नव्हता.

मी म्हटलं, "आपण हिला आत्ता दवाखान्यात नेऊ."

"मुळीच न्हाई. तितं गेली की पयल्यांदा सुई टोचत्यात. अर्ध्यावर आलेली माळ वाया घालवतीस व्हय? खालच्या आळीच्या पोरीचं काय झालं, ठावं हाय ना?"

ठाऊक होतं. खालच्या आळीतली एक तरणी सून पोटुशी असताना काविळीने गेली होती. तिलाही माळच घातली होती.

"ती माळ घालूनच गेली, आई."

"तिची माळ तुटली व्हती मधीच. म्हनून तर म्हातारा आता दोन माळा देतो. एक गळ्यात, एक घरात. पयली तुटली तर लगेच दुसरी घालायची."

"दुसरी कुठाय?"

आईने मान वर करून दाखवली. पडवीच्या खांबाला खिळा होता, त्यावर कॅलेंडर, आणि कॅलेंडरवरून लोंबणारी माळ. मी उठले आणि ती काढली. देठ वाळून काळपट, बारीक झाले होते. दोऱ्याचे फेर त्यांच्यावरून सैल सुटले होते. मी ती माझ्या गळ्यात घातली.

"अगं, काय करतीस!" आई सूप टाकून उठली.

मी भावजयीशेजारी जाऊन बसले. तिची माळ छातीपर्यंत होती. माझीही छातीपर्यंतच होती. भाऊ समोर उभा होता, त्याने वाकून दोन्ही माळा बघितल्या.

"आये, सारख्याच हायत की गं."

"दोन्ही एकाच दिवशी दिल्या ना?" मी विचारलं.

"व्हय, एकाच येळंला."

"दिल्या तेव्हा ही केवढी होती?"

"तिच्याएवढीच. गळ्याशी."

"मग ही कुणाची कावीळ घेऊन उतरली? खांबाची?"

भावजयीच्या तोंडावर जरासं हसू आलं. आई मात्र हार मानणाऱ्यातली नाही. "ती बी ह्याच घरात हाय. घरातली समदी कावीळ वढती ती."

"बरं. मग ही आपण शेजारच्या गोठ्यात टांगू. तिथे लांब झाली तर म्हशीला कावीळ म्हणायचं का?"

"तुझी जीभ लई चालती."

ते खरं आहे. पण जिभेने आईला पटत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिला हाताने केलेलं पटतं. परसात तिचा घेवड्याचा मांडव आहे, दरवर्षी ती स्वतः बांधते. मी सुपाशेजारी बसले आणि खालच्या आवाजात विचारलं, "आई, मांडवाला हिरव्या काठ्या का घेत नाहीस तू?"

"हिरव्या काठ्या? त्या वाळल्या की बारीक व्हत्यात आन् सुतळी ढिली पडती. मांडव समदा खाली..."

ती तिथेच थांबली. माझ्या गळ्यातली माळ तिने हातात घेतली, एक देठ दोन बोटांत फिरवला. दोऱ्यात तो सहज फिरत होता, आणि सैल सुटलेल्या त्या दोऱ्यानेच माळ लांब झाली होती. बराच वेळ ती तो फिरवत राहिली. मी सुपातले खडे वेचत राहिले. अशा वेळी बोलण्याने काम बिघडतं.

"म्हातारा लबाड हाय म्हनतीस व्हय?" तिने शेवटी विचारलं. आवाजात राग नव्हता, भीती होती.

"तसं नाही. त्यालाही ते खरंच वाटत असेल. लोक बरे होतातच की. माळ गळ्यात असताना होतात, म्हणून मान माळेला जातो. आणि एखादी बरी झाली नाही, तर माळ तुटली म्हणायचं. आपली सून एकच आहे, आई."

आई उत्तर द्यायच्या आधीच भावजय भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून सासूच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. ती म्हणाली, "वन्सं, मला न्या. सकाळधरनं पोटात हालचाल कमी वाटतीय मला. म्या कुनाला बोलले न्हाई."

आईचा चेहरा पडला. तिने खुंटीवरची शाल काढून सुनेच्या अंगावर टाकली आणि मला बजावलं, "माळ गळ्यातनं काढायची न्हाई. बाकी काय करायचं ते करा."

"नाही काढत," मी म्हटलं. मला माळेशी भांडायचंच नव्हतं. माळ गळ्यात आणि सुई दंडात, दोघी आपापल्या जागी राहू शकतात. उगीच तत्त्वासाठी तासभर वाद घालायला माझ्याकडे तासही नव्हता.

भावाने जीप आणली. तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी माळ बघितली, एका बाजूला सरकवली आणि पोटावर यंत्र लावलं. बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग एकदम ठोके सुरू झाले, घोडा दौडत यावा तसे. भावजयीने डोळे मिटून घेतले. भाऊ बाहेर निघून गेला. डॉक्टर म्हणाल्या, "बाळ ठीक आहे. आईच्या पोटात अन्न नाही, पाणी नाही, म्हणून तेही गप्प झालंय. पण रक्ताच्या सगळ्या तपासण्या व्हायला हव्यात, पुण्याला न्या." त्यांनी सलाईन लावून रुग्णवाहिकेत बसवून दिलं.

पुण्याच्या दवाखान्यात रक्त घेतलं आणि आम्हाला थांबायला सांगितलं. लिव्हर कामातून जातंय की नाही, ते रक्त गोठायला किती वेळ लागतो त्यावरून कळतं, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. भाऊ मोबाईल काढायचा आणि परत खिशात ठेवायचा. मला माझ्या मांडवाच्या युक्तीचा आता काही आनंद नव्हता. मी बरोबर होते, पण माझं बरोबर असणं तिला बरं करणार नव्हतं. उशीर झाला होता की नाही, एवढंच आता खरं.

रात्री डॉक्टर कागद घेऊन आले. रक्त वेळेत गोठत होतं. लिव्हर सुजलं होतं, पण काम करत होतं. दोन-तीन दिवस नजरेखाली ठेवू म्हणाले, आणि पाणी कुठलं पिता ते विचारलं. आमच्याकडे डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपाने येतं आणि पाइप गोठ्याशेजारून जातो, हे भावाने सांगितलं. "मग कावीळ त्या पाण्यातूनच आली असणार. उकळून प्या," डॉक्टर म्हणाले.

"जेवणाचं पथ्य?" मी विचारलं.

"झेपेल ते सगळं खाऊ दे. वरण, भात, भाजी, अंडं. उपाशी ठेवू नका."

मी खाली गेले, गाडीवरचे दोन वडापाव उभ्याने खाल्ले आणि हात धुतले. पायरीवर बसले. आईला फोन केला. ती पहिल्याच घंटेला बोलली, म्हणजे मोबाईल हातात घेऊनच बसली होती.

"दोघंबी हायत का?"

"आहेत. दोघंही ठीक आहेत."

मग ती म्हणाली, "जेवली का ती? काय दिलं?"

"वरणभात. वर तूप."

"तूप?" ती म्हणाली, आणि मग, "असू दे. दोन चमचे जास्त घाल म्हनावं."

घरी सोडलं तेव्हा मी पुन्हा पासलीला गेले. भावाने पाइप गोठ्यापासून लांबवरून फिरवून घेतला होता. चुलीवर पाण्याचं पातेलं उकळत होतं आणि आई सरपण संपतंय म्हणून कुरकुरत होती, पण पातेलं उतरवत नव्हती. शेजारच्या बायका बघायला आल्या, की त्यांना ती माळेचाच गुण सांगत होती. शेवटी मात्र तिची स्वतःची भर असायची, "पर माळ घातली तरी दवाखान्यात जावा बायांनो. सुईनं माळंला काय व्हत न्हाई, आमी बगितलंय." मी ऐकलं आणि पातेल्याखाली लाकूड सारलं. तिच्या बोलण्याचा पहिला भाग मला पटत नव्हता. दुसऱ्या भागाने माणसं वाचणार होती.

पुढे दोन-अडीच महिन्यांनी मुलगी झाली, दवाखान्यातच, बिनतक्रार. त्याआधी एकदा मी भेटायला गेले होते. भावजय अंगणात उन्हाला बसून वाल सोलत होती, गालावर मांस आलं होतं. मी तिला उजेडाकडे तोंड करायला लावलं, बोटाने खालची पापणी ओढली आणि नीट बघितलं. पांढरं होतं. दुसऱ्या डोळ्याचीही ओढून बघितली.

"वन्सं, किती बगता? म्या काय बाजारातला बैल हाय?"

"बैलाचे दात बघतात," मी म्हटलं. "ऊठ, जेवायला वाढते."