तिसरी चांदणी

ज्या ज्यू बाईंमुळे मी घरातला पहिला पदवीधर झालो, त्यांनी करोनात लातूरला ज्यू चित्रपट महोत्सव भरवला. मैदानात गाडीत बसून आणि ऑनलाइन, दोन्हीकडे एकदमच पाहायचा. लॅपटॉप माझ्याकडे होता.

शनिवारी संध्याकाळी तीन चांदण्या दिसल्याशिवाय त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, संपत नाही आणि तोवर चित्रपट लावायचा नाही. अजून दोनच दिसत होत्या. हॉर्न वाजू लागले, ऑनलाइन माणसं गळू लागली.

"चांदण्या मोजायला बोलवलंय व्हय?" एकानं गाडी वळवली.

"बाई, लावू?"

"नाही."

चित्रपटाचा आवाज गाड्यांच्या रेडिओवर जायचा. त्यावरूनच मी कारण सांगितलं, दिवे बंद करायला विनवलं. मैदान अंधारलं.

वळलेल्या गाडीतूनच ओरड आली, "ती काय तिसरी! लावा की आता!"

बाईंनी वर पाहिलं, बोटांवर मोजलं आणि होकारार्थी मान हलवली.